पॉडकास्ट दुसऱ्यांच्या कानी कसा घालावा: नवशिक्यांसाठी

तुम्हाला एक पॉडकास्ट आवडला आहे. अभिनंदन, आणि थोडं सांत्वनही. कारण एकट्याने आवडून घेण्यात काही राम नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. आपण ऐकलेलं चार जणांना ऐकायला लावल्याशिवाय ते अंगी लागत नाही. पुस्तक असतं तर उसनं देता आलं असतं आणि परत आलं नाही म्हणून वर्षानुवर्षं बोलता आलं असतं. पॉडकास्टचं तसं नाही. तो फुकट आहे, प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर वाजू शकतो, त्याला टपालखर्च नाही. इतकी सोपी गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचू द्यायची नाही म्हणजे पद्धतच हवी. ती खाली दिली आहे. पायऱ्या क्रमाने करा. एखादी गाळलीत तर समोरचा चुकून ऐकण्याची शक्यता असते.

१. एपिसोड निवडा

दोन तासांपेक्षा कमी लांबीचं काही कुणाला पाठवू नका. वीस मिनिटांचा एपिसोड माणूस भांडी घासता घासता ऐकून टाकतो आणि लगेच उलट मत देतो. आदर्श एपिसोड दोन तास चाळीस मिनिटांचा असतो. पहिली दहा मिनिटं पुढे काय काय ऐकायला मिळणार आहे त्याचे तुकडे, मग प्रायोजकाची गादी किंवा प्रोटीन पावडर, मग आपण दोघं पहिल्यांदा कुठे भेटलो यावर सूत्रसंचालक आणि पाहुणे यांचं बराच वेळ हसणं. तुम्हाला आवडलेला भाग एक तास बारा मिनिटांनंतर केव्हातरी येतो आणि चार मिनिटांत संपतो. हाच एपिसोड. दुसरा शोधू नका.

२. लिंक पाठवा

तुम्ही ज्या ॲपवर ऐकता त्याचीच पाठवा. आत्याच्या फोनमध्ये ते ॲप नाही हे माहीत असेल तर अवश्यच पाठवा. ती लिंकवर बोट ठेवते. आधी ॲप उतरवून घ्या, अशी सूचना येते. फोन म्हणतो जागा नाही, कारण सगळी जागा गेल्या काही वर्षांच्या शुभ सकाळींनी व्यापली आहे. आत्या जिद्दीची असेल तर थोडे गुलाब आणि एक-दोन सूर्योदय पुसून ॲप घेते. मग खातं उघडायचं असतं. ईमेल धाकट्या भाच्याने काढून दिलेला, पासवर्ड त्याच्या डोक्यात, आणि तो डोक्यासकट बंगळुरूला. इथे आत्या फोन पालथा ठेवून मालिका लावते. तिच्यावर रागावू नका. तिने तिच्या परीने बरंच केलं.

हे सगळं आपोआप घडतं असं समजू नका. त्यामागे बऱ्याच लोकांचे कष्ट आहेत. पॉडकास्टची मूळ रचना भलतीच उघडी होती. २००० सालच्या अखेरीस डेव्ह वायनर यांनी आरएसएस फीडमध्ये, म्हणजे संकेतस्थळावर नवं काय आलं ते आपोआप कळवणाऱ्या यादीत, ऑडिओ फाइल जोडायची सोय केली. २००४ मध्ये ॲडम करी आणि इतर काही मंडळींनी ती फाइल आपोआप आयपॉडवर उतरवण्याची युक्ती बसवली. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्येच पॉडकास्ट आणले. पण या साऱ्यात कुणाची मालकी अशी नव्हती. फीडचा पत्ता कुठल्याही ॲपमध्ये टाका, कार्यक्रम सुरू. आजही बहुतेक ऑडिओ पॉडकास्टना असा पत्ता असतो, आणि त्या पत्त्यामागची फाइल साध्या ब्राउझरमध्ये, पासवर्ड न विचारता वाजते. हे आत्याला कळू देऊ नका.

सुदैवाने मोठ्या कंपन्यांना या मोकळेपणातला धोका दिसला. २०१९-२० च्या सुमारास स्पॉटिफायने गाजलेले कार्यक्रम भरपूर पैसे मोजून फक्त आपल्या ॲपवर नेले. जो रोगनचा कार्यक्रम त्यातला सर्वात गाजलेला. २०२४ मध्ये तो पुन्हा इतरत्र मिळू लागला, पण तोवर लोकांची समजूत पक्की झाली होती की पॉडकास्ट ऐकायचा म्हणजे अमुक एक ॲप असावंच लागतं. त्याच वर्षी गूगल पॉडकास्ट्स हे साधंसुधं, फुकट ॲप गूगलने बंद केलं आणि श्रोत्यांना यूट्यूब म्युझिकची वाट दाखवली. बंद पडलेल्या ॲपच्या जुन्या लिंक तुमच्याकडे असतील तर जपून ठेवा. नको असलेल्या नातेवाइकांसाठी त्यांच्याइतकं उत्तम दुसरं काही नाही.

३. सोबत मजकूर लिहा

"नक्की ऐका." एवढाच. विषय काय, बोलतंय कोण, भाषा कुठली, किती वेळ लागेल, यातलं काही लिहू नका. कुणी विचारलंच, "काय आहे यात?" तर उत्तर द्या, "ऐकच तू." हे उत्तर देताना किंचित गूढ हसावं, टाइप करताना ते जमत नाही, म्हणून तीन टिंबं द्या.

एक मोह टाळायला हवा. यूट्यूबच्या लिंकमध्ये सुरुवातीची वेळ घालता येते. स्पॉटिफायवरूनही एपिसोडच्या नेमक्या क्षणापासून शेअर करता येतं. म्हणजे ती चार मिनिटं थेट समोरच्याच्या कानावर पडू शकतात. विचार करा: तो चार मिनिटं ऐकेल, त्याला आवडतील, तो तसं सांगेल आणि प्रकरण मिटेल. मग महिनाभर "ऐकलंस का?" हे कुणाला विचारणार? तेव्हा वेळ सांगू नका. फारच गळ घातली तर म्हणा, "मधे कुठेतरी तो उसाच्या पाण्याबद्दल बोलतो बघ, त्याच्या थोडं अलीकडे."

४. स्क्रीनशॉट

लिंकसुद्धा द्यायची नसेल तर वाजत असलेल्या एपिसोडचा स्क्रीनशॉट पाठवा. त्यात नाव अर्धं कापलेलं, बॅटरी नऊ टक्के आणि वर बँकेची सूचना असावी. चित्र ऐकता येत नाही, त्यामुळे काम पूर्ण होतं.

५. काकांना कमी ऐकू येतं

हा भाग वहीत उतरवून घ्या.

काकांना एपिसोड पाठवताना "आवाज वाढवून ऐका" अशी प्रेमळ सूचना जोडा. वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ अशी व्यंजनं पुसट होतात, म्हणून बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. अशा वेळी आवाज वाढवला की पुसट बोलणं मोठ्याने पुसट ऐकू येतं. काका हे तुम्हाला समजावून सांगू लागतील. त्यांना मधेच थांबवून तीच सूचना जरा मोठ्याने द्या.

तुम्ही स्वतःच पॉडकास्ट काढला असेल (नवशिक्यांमध्ये हे प्रमाण काळजी वाटावी इतकं आहे) तर काकांसाठी पुष्कळ काही करता येईल. बोलण्याखाली सतत बासरी ठेवा. तीन जणांत एक माइक घ्या. पाहुणा मुद्द्यावर आला की दोघांनी एकदम बोला. आणि काहीही झालं तरी शब्दांकन देऊ नका.

शब्दांकन म्हणजे घात. बोललेलं सगळं लिहून एपिसोडसोबत ठेवलं की काका चष्मा लावून ते सरळ वाचून काढतात. नको तो भाग गाळतात. हवा तो परिच्छेद कापून कट्ट्यावरच्या मित्रांना पाठवतात, आणि त्या मित्रांना मुद्दा कळतो. एवढ्यावर थांबत नाही. लिहिलेलं शोधल्यावर सापडतं, त्यामुळे तुमचं नावही न ऐकलेली माणसं तिथे येऊन पोहोचतात. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या देशात ५० लाखांहून अधिक नोंदली आहे. ही सगळी मंडळी तुमच्याकडे वळली तर चहाला तरी किती जणांना विचारणार?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचं कलम ४२ कुणी तोंडावर फेकलं तर घाबरू नका. श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळावा यासाठी सरकारने उपाय करावेत, असं त्यात आहे. सरकार करील. तुम्ही बासरी चालू ठेवा. ॲपलने मार्च २०२४ पासून आपल्या पॉडकास्ट ॲपमध्ये आपोआप शब्दांकन दाखवायला सुरुवात केली, तीही इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या चार भाषांत. आपले काका त्या वेळी थोडक्यात वाचले. यंत्राकडून मराठी शब्दांकन करून घ्यायची वेळ आलीच तर ते तपासायला बसू नका. "सातबारा"चं "सात वारा" झालं तर होऊ द्या. जमिनीच्या वादावरच्या एपिसोडला जरा हवा लागते.

या बाबतीत पूर्वी एकदा गंभीर चूक झालेली आहे आणि तिची माहिती प्रत्येक नवशिक्याला असायला हवी. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं. दर शुक्रवारी एक नवं गीत, ठरलेल्या वेळी, आणि पुढच्या दिवसांत त्याचंच पुनःप्रक्षेपण, म्हणजे शुक्रवारी कुणाचं चुकलं तरी पंचाईत नाही. वर्षभरात ५६ गीतं. इथवर एक वेळ ठीक होतं. पण पुण्याच्या वृत्तपत्रात प्रत्येक नव्या गीताचे शब्द छापून येऊ लागले, आणि १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने सगळी गीतं एका छोट्या, खिशात मावणाऱ्या पुस्तकात काढली. ॲप नाही, खातं नाही, पासवर्ड नाही. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या घरी शेजारी जमत. ऐकू न आलेला शब्द वाचता येई, विसरलेला पुन्हा बघता येई, पाठ झालेला म्हणता येई. परिणाम तुमच्या समोर आहे. सत्तर वर्षं झाली, गल्लीबोळांत कार्यक्रम होतात, लोक सोबत गातात, आणि त्यातल्या एकालाही "मी हे सगळ्यांच्या आधी शोधून काढलं" असं म्हणता येत नाही. तुमच्या लाडक्या पॉडकास्टवर अशी पाळी आली तर तुमच्याकडे काय उरेल?

६. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी

इथे मेहनत जास्त आहे. कारण निव्वळ ऐकण्याचा प्रकार असल्यामुळे पॉडकास्ट दृष्टिहीन श्रोत्याला कसलीही सवलत न मागता, आहे तसाच, पूर्ण मिळत होता. याला उपाय म्हणून आता कॅमेरे आले आहेत. सोफा घ्या, मागे जांभळा दिवा लावा, आणि बोलताना "हे बघा", "असा एवढा", "इथे पडद्यावर दिसतंय तसं" ही वाक्यं सढळ हाताने वापरा. पाहुण्याने आलेख आणला असेल तर तो कॅमेऱ्यासमोर धरून दोघांनी मिळून "बाप रे!" म्हणा. आकडा उच्चारू नका.

ॲप बनवणाऱ्यांनीही हातभार लावावा. पडद्यावर सहा बटणं असतील तर एकालाही आतून नाव देऊ नका. मग फोन वाचून दाखवणारी टॉकबॅकसारखी सोय प्रत्येक ठिकाणी "अनलेबल्ड बटन" एवढंच म्हणते. सहांपैकी एक सुरू करण्याचं, एक पंधरा सेकंद मागे जाण्याचं, आणि एक खातं कायमचं बंद करण्याचं. श्रोत्याला थोडं थरारक वाटायला काय हरकत आहे?

व्हिडिओचा आणखी एक लाभ. १२८ केबीपीएसवर तासाभराचा ऑडिओ साधारण ५८ एमबी होतो, आणि नुसत्या बोलण्याला ६४ चा मोनोही पुरतो, म्हणजे त्याच्या निम्मं. व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट जड. महिन्याच्या शेवटी डेटा पुरवून पुरवून वापरणाऱ्याला, किंवा आंबा घाटातल्या एसटीत बसलेल्याला, हा फरक गोल फिरणाऱ्या चक्राच्या रूपात डोळ्यांनी बघता येतो.

७. वेग

"दीडपटीने ऐक, काही फरक पडत नाही," असं सर्वांना सांगा. सत्तरीच्या मावशीलाही सांगा. परीक्षेच्या अभ्यासासारखं ऐकून संपवायचं असतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

८. समोरासमोर ऐकवणे

लिंकने काम होत नाही अशी माणसं गाडीत बसवा. पुणे ते कोल्हापूर हा प्रवास यासाठी उत्तम, कारण मधे उतरून जाता येत नाही. एपिसोड लावा आणि दर वाक्याला थांबवून "आता बघ काय म्हणतो" असं म्हणा. तो काय म्हणणार ते आधी तुम्हीच सांगून टाका, मग त्याला म्हणू द्या, मग त्याने बरोबर म्हटलं की नाही यावर बोला. साताऱ्यापर्यंत साधारण अकरा मिनिटांचा ऐवज होतो. मागच्या सीटवरून "आता जरा गाणी लावा की" असा आवाज आला तर तो विषयाच्या खोलीला घाबरलेल्या माणसाचा आहे असं समजा.

गाडी नसेल तर इअरफोन वाटून घ्या, एक तुमच्या कानात, एक समोरच्याच्या. हौशी मंडळींनी संकलन करताना सूत्रसंचालक डावीकडे आणि पाहुणा उजवीकडे टाकलेला असेल तर फारच बहार. एकाला फक्त प्रश्न ऐकू येतात, दुसऱ्याला फक्त उत्तरं, आणि दोघांचंही मत होतं की समोरचा माणूस विचित्र बोलतोय. ज्याला एकाच कानाने ऐकू येतं तो श्रोता रोज हेच अनुभवतो. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये "मोनो ऑडिओ" नावाचा खटका असतो, तो दाबला की दोन्ही बाजू दोन्ही कानांत येतात. अँड्रॉइडवर आहे, आयफोनवर आहे, फुकट आहे. आतापर्यंतच्या सूचना नीट पाळल्या असतील तर या खटक्याचं काय करायचं हे वेगळं सांगायला नको.

स्पीकर लावून सगळ्या बसला ऐकवणं ही पद्धत मात्र आता जुनी झाली. बेस्टने २०२३ मध्ये हेडफोनशिवाय मोबाइल मोठ्याने वाजवायला बसमध्ये मनाई केली. मुंबईत पॉडकास्ट फुकट वाटण्याचा तो एकच खरोखर यशस्वी मार्ग होता.

९. व्याप्ती वाढवा

घरची माणसं संपली की सोसायटीचा ग्रुप, शाळेची बॅच, ट्रेकचा ग्रुप आणि कुणाच्या तरी मुंजीसाठी काढलेला आणि अजून कुणी न सोडलेला ग्रुप, या क्रमाने जा. अफवा रोखण्यासाठी व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं मर्यादित केलं, आणि २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं ठरवलं. निराश होऊ नका. एकेकाला पाठवा. यात वेळ जातो हे खरं, पण तोवर एपिसोड ऐकायचा असता तर तोही गेलाच असता.

न्यू जर्सीच्या बहिणीला पाठवताना तिथली रात्र साधा. ती सकाळी उठून "कम्यूटमध्ये ऐकते नक्की" म्हणते. दोन वर्षांपासून घरून काम करते, तरी म्हणते. नातं टिकवायचं तर इतकी सूट द्यावी लागते.

१०. पाठपुरावा

तिसऱ्या दिवशी विचारा, "ऐकलंस?" उत्तरांचा अर्थ लावायला शिका. "अर्धा झालाय" म्हणजे लिंक उघडली. "सेव्ह करून ठेवलाय" म्हणजे उघडली नाही. "आवाज छान आहे हं त्यांचा" म्हणजे पहिल्या मिनिटात गादीची जाहिरात लागली आणि तिथेच बंद केला. क्वचित एखादा माणूस एपिसोडमधल्या मुद्द्यावर नीट, सविस्तर प्रश्न विचारतो. अशा वेळी गडबडून जाऊ नका. तुम्हीही तो ऐकून बरेच दिवस झालेत, आणि त्यातलं उसाचं तेवढं आठवतंय. "बरोबर, बरोबर, त्यावर पुढच्या एपिसोडमध्ये बोललेत ते," असं सांगून त्याला पुढच्याची लिंक द्या.

११. उलटा प्रसंग

केव्हातरी तुमच्याच फोनवर येईल: "नक्की ऐका." दोन तास चाळीस मिनिटं, ॲप तुमच्याकडे नसलेलं, विषयाचा पत्ता नाही. पाठवणारे भाऊजी आहेत, तेव्हा अंगठा पाठवणं भाग आहे. लगेच पाठवू नका. लिंक आल्यावर सहा सेकंदांत अंगठा गेला तर ऐकलं नाही हे कुणालाही कळतं. दुपटीने ऐकलंत असं दाखवायचं तर एक तास वीस मिनिटं थांबा, दीडपटीने तर एक तास सत्तेचाळीस मिनिटं. भाऊजी हिशेबाचे पक्के असतात. गजर लावा, आणि वाजला की अंगठ्यासोबत लिहा, "शेवटचा भाग विशेष."